चंद्रावर माणूस पाठवायचा की यंत्र? दोघांनी तिथे काय काय केलं ते बघू

चांद्रयानाची बातमी आली की दोन प्रश्न हमखास येतात. एक म्हणजे एवढा खर्च कशाला, आणि दुसरा म्हणजे आता यंत्रं एवढी हुशार झालीयेत तर माणसाचा जीव धोक्यात घालून त्याला वर पाठवायचंच कशाला. पहिल्यावर सगळेच बोलतात, मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर अंदाजाने द्यावं लागत नाही. पृथ्वीबाहेर चंद्र ही एकच जमीन आहे जिथे माणसं आणि यंत्रं दोघंही उतरली, आणि तेही जवळपास एकाच काळात, त्यामुळे कोणी काय केलं याचा हिशोब अगदी आकड्यांसकट मांडता येतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, यंत्रांनी वाट दाखवली नसती तर माणसं सुखरूप उतरलीच नसती आणि माणसं गेली नसती तर यंत्रांनी पुढे जे शोधलं त्यातलं निम्मं आपल्याला कळलंच नसतं.

सुरुवात यंत्रांनी केली आणि ती फार वाईट झाली. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला, ८४ किलोच्या आसपासचा गोळा, नुसता बीप बीप करायचा. त्यानंतर सव्वा वर्षात त्यांनी थेट चंद्राकडे यान मारलं, लुना १, जानेवारी १९५९. ते चंद्रावर आपटायचं होतं पण साधारण ६००० किलोमीटरवरून निघून गेलं. सप्टेंबरमध्ये लुना २ बरोबर आपटलं, माणसाने बनवलेली पहिली वस्तू चंद्रावर पोचली ती ही. आणि ऑक्टोबरमध्ये लुना ३ ने जे केलं ते आजही वाचताना अंगावर काटा येतो. चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, पलीकडची बाजू तोपर्यंत एकाही माणसाने पाहिलेली नव्हती. लुना ३ ने तिचे फोटो काढले, २९ फोटो. आता डिजिटल कॅमेरा वगैरे काही नाही, साधी फिल्म होती, म्हणजे ती यानातच आपोआप धुवायची, सुकवायची, मग एका प्रकाशाच्या ठिपक्याने स्कॅन करून तो सिग्नल रेडिओने खाली पाठवायचा. एवढी सगळी फोटो स्टुडिओची कामं एका बंद डब्यात, अवकाशात, १९५९ साली. फोटो अगदी धूसर आले, पण त्यातून कळलं की पलीकडच्या बाजूला आपल्याला इकडून दिसतात तसे काळे मोठे डाग फारसे नाहीतच.

अमेरिकेचं तर आणखीनच अवघड झालं. त्यांची रेंजर नावाची मालिका होती, काम एकच, चंद्राकडे सरळ जायचं आणि आपटेपर्यंत फोटो पाठवत राहायचं. पहिली सहा रेंजर फसली, सहाव्यातलं यान तर चंद्रावर बरोबर पोचलं पण कॅमेरे चालूच झाले नाहीत. ३१ जुलै १९६४ ला रेंजर ७ ने शेवटच्या १७ मिनिटांत ४३०० च्या वर फोटो पाठवले. त्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेच्या कंट्रोल रूममध्ये कोणीतरी शेंगदाणे वाटले होते, तेव्हापासून आजतागायत तिथे प्रत्येक महत्त्वाच्या क्षणाला शेंगदाण्याची बरणी फिरते. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांचीसुद्धा ही श्रद्धा मला फार जवळची वाटते, कारण सहा वेळा हरल्यावर माणूस काय काय धरून ठेवेल सांगता येत नाही.

पण आपटून फोटो मिळाले तरी खरा प्रश्न तसाच होता. जमीन किती घट्ट आहे? थॉमस गोल्ड नावाचे मोठे खगोलशास्त्रज्ञ होते, त्यांचं मत होतं की अब्जावधी वर्षं उल्का आपटून आपटून चंद्राच्या सपाट भागांत धुळीचा जाड थर साचला असणार. समजा खरंच तसं असतं तर उतरणारं यान त्या धुळीत रुतून गेलं असतं, आत माणसं असोत नाहीतर नसोत. आज हे वाचायला विचित्र वाटेल पण तेव्हा छातीठोकपणे नाही म्हणायला कोणाकडे पुरावा नव्हता, आणि तो पुरावा दुर्बिणीतून मिळण्यासारखाही नव्हता. कोणीतरी जाऊन पाय ठेवून बघणं हाच उपाय, आणि अशा ठिकाणी पहिला पाय माणसाचा ठेवायचा नाही एवढं तर कोणालाही पटेल.

तो पाय ठेवला लुना ९ ने, ३ फेब्रुवारी १९६६. त्याआधी लुना ४ पासून लुना ८ पर्यंत सगळ्या मोहिमा एकतर चंद्र चुकवून गेल्या किंवा आपटल्या. लुना ९ मध्ये युक्ती अशी होती की यान जमिनीजवळ आलं की १०० किलोच्या आसपासचा एक गोळा बाहेर फेकायचा, तो हवेच्या पिशव्यांवर उड्या मारत थांबायचा, आणि मग त्याच्या चार पाकळ्या उघडून गोळा सरळ उभा राहायचा. तसंच झालं. गोळा रुतला नाही. आणि इथे एक मजेशीर गोष्ट घडली, इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँक नावाची प्रचंड मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिथले लोक हे सिग्नल ऐकत होते आणि त्यांच्या लक्षात आलं की हा आवाज तर वर्तमानपत्रांच्या ऑफिसात फोटो पाठवायच्या मशीनसारखा आहे. त्यांनी डेली एक्सप्रेसकडून तसं एक मशीन मागवून घेतलं, सिग्नल त्याला जोडला आणि चंद्राच्या जमिनीवरून काढलेला पहिला फोटो बाहेर आला. लांबी-रुंदीचं प्रमाण जरा चुकलं होतं, पण रशियाने जाहीर करायच्या आधीच तो फोटो ब्रिटनमध्ये छापून आला.

चारच महिन्यांनी अमेरिकेचं सर्व्हेयर १ तीन पायांवर, इंजिनाने वेग कमी करत, अलगद उतरलं, पहिल्याच प्रयत्नात. एकूण सात सर्व्हेयर पाठवली त्यातली पाच यशस्वी झाली. १९६७ मध्ये सर्व्हेयर ५ ने तर तिथल्या मातीची रासायनिक तपासणीसुद्धा केली आणि उत्तर आलं ते बेसाल्टशी जुळणारं. बेसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ हो, लाव्हा थंड होऊन झालेला. चंद्रावरचे जे काळे डाग आपण रोज बघतो ते सगळे अशाच लाव्हाची गोठलेली मैदानं आहेत. म्हणूनच बुलढाण्यातलं लोणार जगभरच्या ग्रहशास्त्रज्ञांना एवढं महत्त्वाचं वाटतं, उल्का आपटून झालेली विवरं पृथ्वीवर इतरत्रही आहेत पण सरळ बेसाल्टमध्ये झालेलं आणि इतकं नीट टिकलेलं विवर मिळणं दुर्मिळ, त्यामुळे चंद्रावरच्या विवरांत दगडाचं काय होत असेल ते लोणारच्या दगडांवरून अभ्यासता येतं. आपल्याकडे लोक तळं आणि मंदिरं बघून परत येतात, तिथे पायाखाली काय आहे हे शाळेच्या सहलीतसुद्धा कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्याच काळात लूनार ऑर्बायटर नावाची पाच यानं चंद्राभोवती फिरून जवळजवळ संपूर्ण चंद्राचे फोटो घेत होती, १९६६ आणि ६७ मध्ये, पाचच्या पाच यशस्वी. मुख्य काम अपोलोसाठी, म्हणजे माणसं चंद्रावर नेणाऱ्या अमेरिकेच्या मोहिमांसाठी, उतरायच्या जागा शोधायचं होतं. पण या यानांच्या कक्षा थोड्या थोड्या हलत होत्या, अपेक्षेपेक्षा वेगळ्या जात होत्या, आणि १९६८ मध्ये कारण सापडलं की चंद्राच्या त्या काळ्या मैदानांखाली जास्त जड, जास्त घट्ट वस्तुमान दडलेलं आहे, त्यावरून जाताना यानाला जरा जास्त ओढ बसते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रशियाने सप्टेंबर १९६८ मध्ये झोंड ५ चंद्राला वळसा घालून परत आणलं आणि त्यात दोन कासवं होती. पृथ्वीवरून चंद्रापर्यंत जाऊन जिवंत परत आलेले पहिले प्राणी म्हणजे ती कासवं, यान आपल्या हिंदी महासागरात उतरलं. तीन महिन्यांनी अपोलो ८ मधून माणसं चंद्राला दहा फेऱ्या मारून आली. पण या सगळ्याला किंमत पडली होती हे विसरून चालणार नाही. जानेवारी १९६७ मध्ये जमिनीवरच, साध्या चाचणीच्या वेळी अपोलो १ च्या कॅप्सूलला आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघं अंतराळवीर गेले. तीनच महिन्यांनी रशियाचे कोमारोव्ह सोयूझ १ मधून परत येताना पॅराशूट नीट न उघडल्यामुळे गेले. यंत्र जळालं तर दुसरं बनवतात. माणूस पाठवू नका म्हणणाऱ्यांचा हा मुद्दा पूर्ण खरा आहे आणि तो हलक्यात घेऊ नये.

अपोलो ११ बद्दल सगळ्यांना माहिती आहे म्हणून फार लिहीत नाही. फक्त दोन गोष्टी. उतरताना कॉम्प्युटर यानाला मोठमोठे दगड पडलेल्या एका विवराजवळ घेऊन चालला होता, ते आर्मस्ट्राँगने खिडकीतून बघितलं, कंट्रोल स्वतःकडे घेतला आणि पुढे सपाट जागा शोधून उतरवलं, तेव्हा इंधन अगदी थोडं उरलं होतं. त्या काळच्या कॉम्प्युटरला समोर दगड आहे हे दिसतच नव्हतं, बघायला डोळे लागत होते. दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहिती असते, ती म्हणजे आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर असताना रशियाचं लुना १५ नावाचं यान त्याच चंद्राभोवती फिरत होतं. त्याला माती उचलून अपोलोच्या आधी पृथ्वीवर आणायची होती. अमेरिकेला काळजी वाटली की दोन यानं एकमेकांच्या आड येणार नाहीत ना, म्हणून अपोलो ८ चे कमांडर फ्रँक बोरमन यांनी मॉस्कोला विचारलं, आणि शीतयुद्ध ऐन भरात असतानासुद्धा रशियाने आपल्या यानाची कक्षा कळवली. २१ जुलैला, ईगल म्हणजे आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिनचं यान चंद्रावरून उडायच्या साधारण दोन तास आधी, लुना १५ उतरायचा प्रयत्न करताना आपटलं. एकाच दिवशी, एकाच चंद्रावर, माणूस आणि यंत्र एकच काम करत होते, आणि त्या दिवशी माणसं २१ किलोच्या वर दगडमाती घेऊन परत निघाली.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट, अपोलो १२. ही मोहीम का कोण जाणे लोकांच्या लक्षातच राहत नाही. पीट कॉनराड, ॲलन बीन आणि डिक गॉर्डन. १४ नोव्हेंबर १९६९ ला रॉकेट सुटलं आणि पहिल्याच मिनिटात त्यावर दोनदा वीज पडली. आतले सगळे दिवे, अलार्म एकदम पेटले, खाली येणारा डेटा म्हणजे नुसता कचरा झाला. ह्यूस्टनच्या कंट्रोल रूममध्ये जॉन ॲरन नावाचा जेमतेम २६ वर्षांचा इंजिनिअर बसला होता, त्याला तसाच कचरा डेटा पूर्वी एका चाचणीत पाहिल्याचं आठवलं, आणि त्याने एक स्विच ऑक्झिलरीवर टाकायला सांगितला, तो कुठला स्विच हे कमांडरलासुद्धा पटकन कळेना पण बीनला माहिती होतं. स्विच टाकला, डेटा परत आला, मोहीम वाचली.

पण कौतुक पुढे आहे. अपोलो ११ ठरलेल्या जागेपासून सहा-सात किलोमीटर पुढे जाऊन उतरलं होतं. पहिल्यांदा उतरताना ते चाललं, पण पुढे शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या नेमक्या दगडापाशी उतरायचं असेल तर एवढी चूक परवडणार नव्हती. म्हणून अपोलो १२ ला एक लक्ष्य दिलं, सर्व्हेयर ३. हे यंत्र एप्रिल १९६७ मध्ये तिथे उतरलं होतं, उतरतानाच इंजिन वेळेत बंद न झाल्यामुळे दोनदा उसळी मारून एका विवराच्या उतारावर जाऊन थांबलं होतं, आणि त्याच्याकडे एक लहानसं फावडं होतं ज्याने चंद्रावरची माती पहिल्यांदा खणली गेली. तर त्याच्या शेजारी उतरायचं. पण ते नक्की कुठे आहे? इथे एक यंत्र दुसऱ्या यंत्राच्या उपयोगी पडलं. सर्व्हेयरने स्वतःभोवतालच्या खड्ड्यांचे आणि दगडांचे फोटो पाठवले होते, आणि लूनार ऑर्बायटरने वरून. इवन व्हिटेकर या शास्त्रज्ञाने दोन्ही फोटो समोर ठेवून दगडाला दगड, खड्ड्याला खड्डा जुळवत जुळवत सर्व्हेयर नेमकं कुठल्या विवरात आहे ते शोधून काढलं. किती चिकाटी लागली असेल विचार करा, कॉम्प्युटर मॅचिंग वगैरे काही नाही, भिंगातून बघायचं.

दुसरी अडचण म्हणजे ती जमिनीखालची जड वस्तुमानं, ज्यांच्यामुळे यान हळूहळू वाटेवरून सरकतं. यान नेमकं कुठे आहे हे पृथ्वीवरून रेडिओ सिग्नलच्या बदलावरून चांगलं कळत होतं पण उतरता उतरता ते यानाच्या कॉम्प्युटरला कसं समजावायचं? सगळं गणित बदलणं शक्य नव्हतं. मग एक साधी सुंदर युक्ती निघाली, कॉम्प्युटरला तू चुकीच्या जागी आहेस असं सांगायचंच नाही, उतरायची जागाच एवढ्या फुटांनी सरकली आहे असं सांगायचं. एकच आकडा टाईप करायचा. कॉनराडने तो आकडा टाकला, यान पुढे झुकलं, खिडकीतून खाली दिसायला लागलं आणि समोर तोच विवरांचा समूह, ज्याला ते सरावात स्नोमॅन म्हणायचे, अगदी बरोबर मध्यभागी. शेवटी धूळ एवढी उडाली की जमीन दिसेना, तरी उतरले, आणि थांबले ते सर्व्हेयरपासून साधारण १६० मीटरवर. पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटर लांब, आणि नेम एवढा.

दुसऱ्या दिवशी दोघं चालत सर्व्हेयरपाशी गेले. पांढरं रंगवलेलं यंत्र तपकिरी पडलं होतं. त्यांनी कटरने त्याचा कॅमेरा, फावडं, काही नळ्या, वायर असे सुटे भाग कापून घेतले, साधारण दहा किलो. ३१ महिने चंद्रावर उघड्या पडलेल्या यंत्राचे भाग पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत परत आले, दुसऱ्या जगावर आधी उतरलेल्या यंत्रापाशी माणसं जाऊन त्याचे भाग घेऊन आली असं आजपर्यंत एवढ्या एकदाच झालंय. त्या भागांवरून जे कळलं ते आजच्या लोकांना फार उपयोगी पडतंय. सर्व्हेयरचा रंग काही उन्हाने आणि काही धुळीने बदलला होता, पण अपोलोच्या बाजूला असलेल्या पृष्ठभागावर वेगळेच डाग होते, जिथे स्क्रू किंवा नळीची आड होती तिथे रंग गडद राहिला होता आणि बाकीचा घासला गेला होता. म्हणजे अपोलो उतरताना त्याच्या इंजिनाने जी वाळू उडवली ती १६० मीटर लांब असलेल्या यंत्रावर सँडब्लास्टिंगसारखी आदळली होती. हवाच नाही ना, कण अडवायला काही नाही, ते सुसाट जातात. उद्या चंद्रावर तळ बांधायचा असेल तर दुसरं यान किती लांब उतरवायचं याचा विचार करताना आजही हे निरीक्षण समोर ठेवतात.

सर्व्हेयरसमोर दोघांचा एकत्र फोटो काढायचा म्हणून कॉनराड आणि बीन यांनी कोणाला न सांगता कॅमेऱ्याचा एक सेल्फ टायमर बरोबर नेला होता, दोघंही एकाच फोटोत, मग काढला कोणी, असं सगळ्यांना कोड्यात टाकायचं होतं. पण दगडांच्या पिशवीत तो वेळेवर सापडलाच नाही.

अपोलोच्या माणसांनी तिथे आणखी एक काम केलं, ते म्हणजे यंत्रं मांडून ठेवली. भूकंपमापक नीट सपाट जागेवर, समतल करून ठेवायला, वायर पसरायला माणूस लागला, पण नंतर ती यंत्रं सप्टेंबर १९७७ पर्यंत एकटी काम करत राहिली. अपोलो १२ चं रिकामं झालेलं यान मुद्दाम चंद्रावर आपटवलं तर भूकंपमापकाला ती थरथर जवळजवळ तासभर जाणवत राहिली, पृथ्वीवर एवढ्या वेळात केव्हाच शांत झालं असतं. बंद करून ३० वर्षांच्या वर झाली तरी त्या नोंदी पुन्हा तपासून २०११ मध्ये चंद्राच्या गाभ्याबद्दल नवी माहिती निघाली. आणि अपोलो ११, १४, १५ ने ठेवलेले आरसे, म्हणजे लेझर परत पाठवणारे रिफ्लेक्टर, आजही वापरात आहेत, त्यांच्यावरूनच कळतं की चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटरने आपल्यापासून लांब चाललाय.

लुना १५ आपटलं म्हणून रशिया थांबला नाही. सप्टेंबर १९७० मध्ये लुना १६ ने माणसाशिवाय माती आणून दाखवली, १०१ ग्रॅम. मग आली लुनोखोद १, नोव्हेंबर १९७०, दुसऱ्या जगावर चाललेली पहिली रोव्हर, म्हणजे माणसाशिवायची चाकांची गाडी. आठ चाकं, साडेसातशे किलोच्या वर वजन, वर टबसारखं शरीर आणि त्यावर झाकण. दिवसा झाकण उघडायचं, त्याच्या आतल्या बाजूला सोलर सेल. चंद्राची रात्र आपल्या दोन आठवड्यांची असते आणि थंडी शून्याखाली शंभरच्याही पार, तेव्हा झाकण बंद करून आत पोलोनियमच्या उष्णतेवर रोव्हर तग धरायची. चालवणारे पाच जण होते, कमांडर, ड्रायव्हर, नॅव्हिगेटर, इंजिनिअर आणि अँटेना सांभाळणारा, आणि ते बसायचे क्रायमियात. नेट स्लो असताना व्हिडिओ कॉलवर चित्र अडकत अडकत येतं तसं त्यांना काही काही सेकंदांनी एक स्थिर चित्र दिसायचं, त्यात सिग्नल जाऊन यायला अडीच सेकंद, म्हणजे ड्रायव्हरला खड्डा दिसेपर्यंत रोव्हर पुढे गेलेली. तरी त्यांनी दहा महिन्यांत साडेदहा किलोमीटर चालवली. दुसरी लुनोखोद १९७३ मध्ये चार महिन्यांत ३९ किलोमीटर चालली आणि तिचा शेवट वाचून हळहळ वाटते, एका विवरात झाकण कडेला घासलं, त्यात धूळ पडली, रात्री झाकण मिटल्यावर तीच धूळ थंड ठेवणाऱ्या पत्र्यावर सांडली आणि दिवस उजाडल्यावर यंत्र तापून बंद पडलं. तिथे एक माणूस असता तर ब्रशने झटकून मोकळा झाला असता.

आणि हे मी उगाच म्हणत नाही. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या सर्ननचा हातोडा अडकून त्यांच्या गाडीचा मडगार्ड तुटला, धूळ सगळी अंगावर यायला लागली, तर त्यांनी चार नकाशे एकमेकांना टेपने चिकटवले, क्लॅम्पने गाडीला लावले आणि त्या मडगार्डवर पुढचे सगळे फेरे केले. तीन फेऱ्यांत ३६ किलोमीटरच्या आसपास, २२ तास बाहेर, ११० किलो नमुने. लुनोखोद २ चे चार महिने आणि या दोघांचे तीन दिवस, अंतर जवळपास सारखंच.

पण अंतरापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्यांच्यातला हॅरिसन श्मिट, चंद्रावर गेलेला एकमेव व्यावसायिक भूशास्त्रज्ञ. शॉर्टी नावाच्या विवराच्या काठावर चालताना त्याच्याच बुटाने माती थोडी उकरली गेली आणि खाली नारिंगी रंग दिसला. सगळीकडे करडं, आणि इथे नारिंगी. आधी त्यालाच खात्री पटेना, हेल्मेटच्या सोनेरी काचेमुळे असं दिसत असेल का म्हणून त्याने ती वर करून बघितली, तरी नारिंगीच. वेळ फार थोडा होता, कारण गाडी बंद पडली तर चालत परत येण्याइतका ऑक्सिजन शिल्लक ठेवावा लागायचा. तेवढ्या वेळात त्याने खणून आडवा छेद दाखवला, नमुने भरले, दोघांनी मिळून नळी ठोकून खालपर्यंतची माती काढली. ती माती म्हणजे साडेतीन अब्ज वर्षांहून जुन्या, कारंज्यासारख्या उडालेल्या लाव्हाचे काचेचे मणी निघाले. मडगार्ड दुरुस्त करायला कोणीही हुशार माणूस चालला असता, पण चालता चालता हा रंग इथला नाही हे ओळखायला आयुष्यभर दगड बघितलेली नजर लागते, आणि ती नजर १९७२ च्या कुठल्याच यंत्रात घालता आली नसती.

याची दुसरी बाजू म्हणजे खर्च. सहा अपोलो मिळून ३८२ किलो नमुने आणले, रशियाच्या तिन्ही यंत्रांनी मिळून जेमतेम ३२६ ग्रॅम. पण अपोलोवर चार लाख माणसं राबली आणि १९६० च्या दशकातले २५०० कोटी डॉलर गेले, असा खर्च कुठलाच देश कायम करू शकत नाही. म्हणून अपोलो १७ नंतर माणसं थांबली, १९७६ च्या लुना २४ नंतर यंत्रंही थांबली, आणि मग ३७ वर्षं चंद्रावर अलगद कोणीच उतरलं नाही, २०१३ मध्ये चीनचं चांग-ई ३ उतरेपर्यंत.

मधल्या काळात आपण आलो. चांद्रयान १, ऑक्टोबर २००८. अपोलोच्या दगडांवरून चंद्र कोरडा ठणठणीत आहे असं पक्कं मत झालं होतं. आणि गंमत बघा, त्याच वर्षी श्मिटच्या त्या नारिंगी मण्यांमध्ये, नव्या आणि जास्त सूक्ष्म उपकरणांनी तपासल्यावर, पाण्याचा अंश सापडला. पुढच्या वर्षी चांद्रयान १ वर बसवलेल्या नासाच्या उपकरणाने चंद्राच्या मोठ्या भागावर, विशेषतः ध्रुवांकडे, पाण्याच्या रेणूंच्या खुणा पाहिल्या. माणसाने उचललेली माती एकीकडून आणि आपलं यंत्र वरून, दोघं एकाच उत्तराकडे बोट दाखवत होते. आज सगळे देश दक्षिण ध्रुवाकडे धावतायत ते त्या पाण्यासाठी.

सप्टेंबर २०१९ ला चांद्रयान २ चं विक्रम हे उतरणारं यान आपटलं तेव्हा सगळा देश जागा होता. नंतर इस्रोने स्वच्छ सांगितलं की इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साचत गेल्या, यानाला वेगाने वळून सावरायचं होतं पण तेवढं वळायची त्याला मुभाच नव्हती, आणि उतरायला जागा ठेवली होती फक्त ५०० मीटर बाय ५०० मीटर. म्हणून चांद्रयान ३ मध्ये पाचाऐवजी चार इंजिनं, पाय जास्त मजबूत, इंधन जास्त, वेग मोजायला लेझरचं नवं उपकरण आणि जागा थेट चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटर. चांद्रयान २ चं ऑर्बायटर मात्र नीट काम करत होतं, त्याच्याच बारीक फोटोंवरून ही नवी जागा निवडली, म्हणजे लूनार ऑर्बायटर आणि अपोलोचंच नातं पुन्हा. चांद्रयान ३ नेणारं रॉकेट उडवणाऱ्या दोन मोठ्या बूस्टरचे भाग आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनतात आणि मधल्या टप्प्याची विकास इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये, हे माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांना माहितीच नव्हतं.

२३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं. चारच दिवस आधी रशियाचं लुना २५ आपटलं होतं, त्यामुळे श्वास रोखून बघत होते सगळे. आर्मस्ट्राँगने खिडकीतून जे केलं ते चांद्रयान ३ च्या विक्रमने स्वतःच्या कॅमेऱ्याने केलं, खाली दगड-खड्डे आहेत का बघून सुरक्षित जागा निवडली, खालून एकही कमांड न घेता. १९६९ मध्ये जे फक्त माणसाला जमत होतं ते आता २६ किलोची प्रज्ञान रोव्हर पोटात घेतलेल्या यंत्राला जमतं, हा फरक मान्य करावाच लागेल. विक्रमच्या थर्मामीटरने दाखवलं की वरची माती ५० अंशांच्या वर तापलेली असताना आठ सेंटिमीटर खाली शून्याच्याही खाली दहा अंश, एवढीशी धूळ किती उष्णता अडवते बघा. पण प्रज्ञानसमोर चार मीटर रुंदीचं एक विवर आलं तर तिला थांबवून, वाट बदलून परत फिरवावं लागलं, आणि दोन आठवड्यांत ती शंभर मीटरच्या आसपास चालली. श्मिट तेवढं अंतर दोन-तीन मिनिटांत उड्या मारत गेला असता.

शेवटी माती आणल्याशिवाय पुढचं कळत नाही, हे सगळ्यांना पटलंय. २०२२ मध्ये नासाने अपोलो १७ ची एक नळी उघडली जी चंद्रावरच हवाबंद केली होती आणि ५० वर्षं मुद्दाम तशीच ठेवली होती, पुढे चांगली उपकरणं येतील या भरवशावर. चीनने २०२४ मध्ये चांग-ई ६ ने चंद्राच्या पलीकडच्या बाजूची जवळपास दोन किलो माती आणली, माणसाशिवाय. आपल्या चांद्रयान ४ ला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, २१०४ कोटी रुपये, काम तेच, माती उचलून परत आणायची. एका रॉकेटमध्ये सगळं मावत नाही म्हणून दोन उड्डाणांत भाग वर न्यायचे आणि अवकाशातच जोडायचे, आणि ते जोडणं इस्रोने १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्स मोहिमेच्या दोन छोट्या उपग्रहांवर करून बघितलंय. २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचं ठरलंय, त्यालाही वाटेत असंच डॉकिंग करावं लागेल, चंद्रावरून उडून परत यावं लागेल, आणि या दोन्ही गोष्टी त्याच्या आधी चांद्रयान ४ करून दाखवणार आहे, आत कोणीही नसताना.